नाचाचा मुकाबला

हे लिहिते आहे तेव्हा माझा उजवा पाय दोन उशांवर ठेवलेला आहे. पाहायला येणारे सगळे एकच विचारतात, "पडलात कुठं?" मी सांगते, "कचेरीत." मग त्यांना वाटतं, पायरीवरून घसरले असेन. "नाही, नाचताना," म्हटलं की हातातला चहाचा कप खाली ठेवला जातो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. दहा-बारा वेळा सांगून झाल्यावर मला कंटाळा आला. आमच्या शेजारी एक मासिकवाले राहतात. ते म्हणाले, "एकदा लिहूनच काढा, छापतो." मी अख्खा नाच लिहून काढलेली बाई आहे, तेव्हा हकिकत लिहिणं मला आता जड नाही.

गावाचं नाव मात्र देणार नाही. परंडा आणि कळंब यांच्या मधे कुठंतरी ते आहे, निजामाच्या राज्यात आहे, आणि तिथले साहेब अजून त्याच खुर्चीवर आहेत.

नाक्यापलीकडं

आधी माझ्या गुडघ्याविषयी सांगायला हवं, कारण खरा प्रवास त्याचाच. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "यात फार नाच उरलेला नाही. आहे तो जपून वापरा." तेव्हापासून मी जिना उतरतानासुद्धा विचार करत होते. बारा वर्षं मी माझ्या नाचाच्या मास्तरांनी बसवलेले नाच नाचले. 'हरिणी' हा एकच नाच माझा स्वतःचा, दोन वर्षं खपून बसवलेला. पुण्यात तो एकदा केला, तर पहिल्या रांगेत साखरेच्या रेशनवर चर्चा चालू होती आणि शेवटची उडी घ्यायच्या आधीच दिवे गेले. उडी मी घेतली, पण ती कुणी पाहिली नाही. मला एवढंच हवं होतं की गुडघा बसण्यापूर्वी 'हरिणी' एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माणसांसमोर व्हावी. अशात अप्पांचं पत्र आलं. अप्पा हे तिकडचे धान्याचे आडते. सोलापूरला त्यांनी माझं काम पाहिलं होतं. पत्र तीन ओळींचं होतं: "गावात वाचनालय उघडतो आहे. नाच पाहिजे. पंधरा तारखेला या."

वाचनालयाला नाच कशाला, हे मी विचारलं नाही. ज्याला नाच हवा आहे त्याला कारण विचारू नये, हे मी पुण्यात राहून शिकले आहे.

बरोबर बंडोपंत होते. साठीचे तबलजी, मास्तरांच्या वेळेपासूनचे. कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं बार्शी गाठली आणि तिथून मोटार. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. चढ आला की ड्रायव्हर उतरून भट्टी ढोसायचा आणि उतारूंनी उतरून मोटार ढकलायची. जी बोटं तबल्यावर ठेवायची ती मोटारीवर ठेवणार नाही, असं बंडोपंतांनी जाहीर केलं, आणि वजन कमी व्हावं म्हणून खाली उतरायलाही नकार दिला. त्यामुळं आम्ही मोटारीबरोबर बंडोपंतांनाही ढकलत नेलं.

हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं डग्ग्यावर टिचकी मारून पाहिली.

"आत काय हाय?"

"काही नाही," बंडोपंत म्हणाले.

"मग इतकं जपून कशापायी नेता?"

बंडोपंतांना या प्रश्नाचं उत्तर पुढच्या दहा मैलांत सुचलं नाही. बाहेर ज्वारी पुरुषभर उंच झाली होती, मधेच करडईचे पट्टे, लांबवर बालाघाटाचे ठेंगणे डोंगर. पुण्याहून येणाऱ्याला तिकडचं आभाळ जरा जास्तच वाटतं. माझी मान दुखेपर्यंत मी ते पाहत होते.

पंधरा डिसेंबरला दुपारी आम्ही अप्पांच्या दारात उभे राहिलो. अप्पा कपाळभर विभूती लावून ओसरीवर बसले होते. त्यांना आनंद झाला, पण ते कोड्यातही पडले.

"या, या. पर आजच कशा आलाव?"

"पंधरा तारखेला या, असं तुम्हीच लिहिलंत."

"व्हय, मग! आज तर अकरा."

बराच वेळ घोळ चालला. शेवटी उलगडा झाला तो असा, की निजामाच्या राज्यात डिसेंबर नसतो. तिथं फसली सन चालतो आणि तेव्हा बहमन महिना चालू होता, बहमनची अकरावी तारीख. बार्शीपर्यंत माझा डिसेंबर ठीक होता. नाका ओलांडला आणि मी चार दिवसांनी लहान झाले. आमच्या घरी हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेना.

"बरं झालं," आतून अप्पांच्या पत्नी महादेवीअक्का म्हणाल्या. "चार दीस खाऊन तर नाचतील. किती वाळल्या बाई!"

अक्कांच्या घरी कानडी-मराठी एकाच ताटात वाढतात. "ऊट झालं का?" म्हणजे जेवण झालं का, हा प्रश्न मला दिवसातून सहा वेळा विचारला जाई, आणि झालं म्हटलं तरी पान मांडलं जाई. आमच्याकडं पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारण्याची रीत आहे. तिकडं विचारत नाहीत. शेंगांच्या पोळीवर तूप नको म्हणून मी हात आडवा धरला, तर अक्कांनी तूप हातावर ओतलं.

त्यांनी नाच कधी पाहिला नव्हता. "तमाशा येतो गावात, पर बायांनी बघायचा न्हाय. तुमचा बघितला तर चालतो म्हनं." पंचवीस बायांना त्यांनी आवतण दिलं होतं आणि पहिली रांग बायांचीच, असं अप्पांकडून कबूल करून घेतलं होतं. एकच शंका त्यांना छळत होती.

"तुमी नाचताना आमी काय करायचं?"

"काही नाही, अक्का. बघायचं."

"नुसतं? हातात काम बी न्हाय?"

"नाही."

त्या विचारात पडल्या. "जमंल का वो आमास्नी?"

कचेरीत, पहिल्यांदा

चार माणसं जमवायची तर तिकडं परवानगी लागते. दुसऱ्या दिवशी अप्पा मला आणि बंडोपंतांना कचेरीत घेऊन गेले. परवानगी देणारे साहेब आतल्या खोलीत. बाहेरच्या मेजामागं पेशकार, म्हणजे साहेबांना कागद वाचून दाखवणारा कारकून. वाळकेसे, वयस्कर, चष्म्याची एक दांडी दोऱ्याची. त्यांनी दरख्वास्त, म्हणजे परवानगीचा अर्ज, लिहिली: मुसम्मात सुमतीबाई, राहणार पुणे, पेशा नाच. मग मान वर न करता हात पुढं केला.

"मसविदा?"

"कसला?"

"भाषण असंल तर भाषण लिहून दाखल करायचं. नाटक असंल तर नाटक. नाच असंल तर नाच."

"अहो, नाच लिहीत नाहीत."

"मग साहेब वाचतील काय?"

बंडोपंतांनी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. मी तिथंच कागद मागून घेतला आणि रागारागानं लिहिलं: "हरिणी ओढ्यावर येते. पाणी पिते. शिकाऱ्याची चाहूल लागते. उडी मारून पलीकडं जाते."

पेशकारांनी ते दोनदा वाचलं. "हा नाच किती वेळाचा?"

"वीस मिनिटांचा."

"हे तर एका मिनिटाचं झालं. उरलेली एकोणीस मिनिटं तुमी काय करनार?"

मला संताप आला. बारा वर्षांत एकाही पुणेकरानं हा प्रश्न विचारला नव्हता. मी घरी आले, दुपारभर ओसरीवर पाटावर वही ठेवून बसले आणि दोन पानं लिहून नेली. पेशकारांनी शिसपेन्सिल उचलली.

"हरिनी कुठून येते? दिशा लिहा."

"झाडीतून."

"कसली झाडी? बाभळ हाय, का बोर?"

रंगमंचावर झाडी नसतेच. मी मान अशी बाजूला करते की तिथं फांदी आहे असं वाटावं. पण फांदी कसली, हे मलाच ठाऊक नव्हतं. बाभळ असेल तर काटे लागतील, मग मान वेगळी वळवली पाहिजे. मी "बाभळ" लिहिलं.

"पानी पिते. किती घोट?"

"तीन."

"तीनच का?"

"चौथ्याच्या वेळी तिला ऐकू येतं."

त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. "हे लिहा," म्हणाले. "हे न्हाय लिहिलेलं."

मी बंडोपंतांचे बोलही समासात टिपले होते. त्यावरून भलताच घोटाळा झाला.

"हे तिरकिट कोन? आनि हे धा? बापाचं नाव न्हाय, गाव न्हाय."

"ती माणसं नाहीत. ते तबल्याचे बोल आहेत."

"काय बोलतात?"

बंडोपंतांनी मेजावर बोटांनी वाजवून दाखवलं. पेशकारांनी लक्ष देऊन ऐकलं आणि समासात लिहिलं, "तिरकिट: इसम नाही. आवाज." पुढं शिकारी आला. शिकारी कोण, सरकारी आहे की खासगी, बंदुकीचा परवाना आहे का? मी म्हटलं, शिकारी दिसत नाही, फक्त हरिणीच्या डोळ्यांत असतो. तर म्हणाले, मग परवाना नको. आणि सर्वांत शेवटी उडी.

"ओढ्यापलीकडं कुनाची हद्द?"

"ओढ्याला कसली हद्द?"

"इथं असते, बाई. असा ओढा हाय, अलीकडं निजाम सरकार, पलीकडं इंग्रज. मानसं रोज तिकडं पळतात. आता हरिनी पन पळाली तर साहेब म्हनतील, ही कुनाची हरिनी?"

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "असं करा. शेवटी लिहा, हरिनी दिवस मावळायच्या आत परत येते."

"अजिबात नाही! ती जाते. सगळा नाच ती जाण्यासाठी आहे."

"जाऊ द्या की. परत येते ते पडदा पडल्यावर. तुमी नाचू नका. नुसतं लिहा."

मी चरफडत लिहिलं.

शेतात हुरडा

तिसऱ्या दिवशी अक्कांनी मला शेतात हुरड्याला नेलं. आगटीत कणसं भाजत होती, अक्का ती तळहातावर चोळून गरम दाणे माझ्या ओंजळीत ओतत होत्या, सोबत शेंगांची चटणी आणि गूळ. भोवती सात-आठ बाया. पलीकडं पुरुषांच्या घोळक्यात बंडोपंत होते आणि पेशकारही. त्यांना अप्पांनी बोलावलं होतं.

"बाई, हरिनी करून दावा की जरा," एक जण म्हणाली.

मी हात उचलला. बोटं हरणाच्या तोंडासारखी मिटली असतील नसतील, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बाई, हात! मंजुरी न्हाय अजून."

तोंडात हुरडा असूनही सरकार जागं होतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. बाया हिरमुसल्या. मग मलाच राहवेना आणि मी नुसती सांगायला लागले. बाभळ कुठं आहे, हरिणी मान कशी काढते, एक घोट, दुसरा घोट. पेशकारांनी दोन दिवस जे जे विचारून माझ्याकडून वदवून घेतलं होतं, ते सगळं तोंडात तयार होतं. सांगता सांगता लक्षात आलं, बायांनी दाणे चावायचं थांबवलंय.

"पानी गार होतं का?" अक्कांनी विचारलं.

दोन वर्षं मी ते पाणी पीत होते आणि ते गार की कोमट याचा मी विचार केला नव्हता. "गार," मी म्हटलं. "दाताला लागण्याइतकं."

"तरीच," अक्का म्हणाल्या. "तरीच थांबून थांबून पिती."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन मसविद्यात ते घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. आता अकरा पानं झाली होती आणि मला ती आवडायला लागली होती. हे कबूल करताना आज जरा लाज वाटते, कारण नाचणारी बाई कागदावर भाळली, हे बंडोपंतांना मुळीच पसंत नव्हतं. ते दुसऱ्या खोलीतून मुद्दाम मोठ्यानं तबला लावत बसले.

कचेरीत, शेवटचं

पेशकारांनी रातोरात अकरा पानांचं उर्दू करून साहेबांपुढं ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी शिपाई निरोप घेऊन आला: "अकरा वाजता बाईंचा मुकाबला हाय. साहेबांसमोर."

बंडोपंत उभे राहिले आणि परत बसले. अक्कांनी मला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या, वर तूप, आणि म्हणाल्या, "भिऊ नगासा. त्यो साहेब काय लई दांडगा न्हाय. दम्याचा हाय." बाजारात बातमी पोचली. पुण्याची बाई साहेबांशी भिडणार म्हणून साडेदहालाच कचेरीच्या आवारात दीडशे माणसं जमली. वाटेत अप्पांनी खुलासा केला, की कचेरीत मुकाबला म्हणजे मारामारी नव्हे. अस्सल कागदाची नक्कल काढली की दोन्ही शेजारी धरून ओळीनं ओळ ताडून पाहतात, त्याला तिथं मुकाबला म्हणतात.

"पण अस्सल तर मी आहे ना? कागद माझ्या नाचाची नक्कल."

"उलट, बाई," दारातच भेटलेले पेशकार म्हणाले. "दाखल झाला त्यो अस्सल. दफ्तरात कागद अस्सल. नाच त्याची नक्कल."

साहेबांची खोली मोठी होती. मेजं भिंतीला सारली होती. खाली शहाबादी फरशी, थंड आणि टणक. ती पाहून मी गुडघ्यावर हात ठेवला. चार दिवस मी गुडघा जपत होते, तालीमसुद्धा बसून केली होती, आणि आता ही फरशी. पण मंजुरी नाही तर नाच नाही. कागदात ओढा आहे म्हणून पेशकारांनी लाल कापडात बांधलेले दफ्तराचे बस्ते आणून मधे आडवे मांडले. तो ओढा.

पेशकार एक ओळ वाचायचे, मी तेवढी नाचायची, ते पेन्सिलीनं खूण करायचे आणि म्हणायचे, "ठीक." हरिणी बाभळीतून मान काढते. ठीक. एक कान मागं नेते. ठीक. साहेब खुर्चीत बसून खोकत होते. अर्ध्या तासात पाच पानं झाली. अशा तुकड्यांनी नाचणं म्हणजे शिंका अर्ध्यावर थांबवत राहणं. शेवटी मीच हात जोडले. "साहेब, एकदा न थांबता करू द्या. ओळी तुम्ही मनात ताडा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढची सुनावणी बाराला होती. "कीजिए," ते म्हणाले.

बंडोपंत कोपऱ्यात सरसावून बसले. आणि मी नाचले. मला हे नीट सांगितलं पाहिजे, कारण याला साक्षी फक्त एक दम्याचा साहेब, एक पेशकार, अप्पा, बंडोपंत, आणि खिडकीच्या गजांना लटकलेली माणसं आहेत. तेव्हा मला बाभळीचे काटे ठाऊक होते. पाणी गार आहे हे ठाऊक होतं. चौथा घोट का घ्यायचा नाही, हे शरीराला आता सांगावं लागत नव्हतं. बारा वर्षांत मी असं कधी नाचले नव्हते. आनंदानं माझे डोळे भरून आले होते आणि त्यातच मला शिकारी दिसला. मी मागं सरले, बस्त्यांच्या ओढ्यावरून उडी घेतली, पलीकडं फरशीवर उतरले आणि गुडघ्यात काडी मोडल्यासारखं काहीतरी झालं.

मी हलले नाही. एका पायावर उभी राहिले, कारण कागदात पुढं लिहिलं होतं, "पलीकडं स्थिर उभी राहते."

"ठीक," पेशकार म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी पाहिलं होतं.

साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "और वापस?"

मला एक पाऊलही टाकता येत नव्हतं. पेशकारांनी खिडकीबाहेर बघितलं, मग साहेबांकडं वळून अदबीनं म्हणाले, "हुजूर, अभी शाम कहाँ हुई है?"

साहेबांनी विचार केला. बाहेर लख्ख ऊन होतं. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी सही केली, शिपायानं शिक्का मारला, आणि मला बाजेवर घालून घरी नेलं. खिडकीपाशी जागा न मिळालेल्या आवारातल्या माणसांनी मुकाबला पाहिला नव्हता, पण बाई आडवी बाहेर येते आहे हे पाहिलं. साहेब जिंकले, असं गावात ठरलं.

आडतीत

हाडवैद्यानं लेप लावला आणि सांगितलं, चालाल, नाचणं विसरा. मी भिंतीकडं तोंड करून रडले. मग उठून बसले आणि म्हटलं, कार्यक्रम रद्द करा. बंडोपंत लगेच तबला गवसणीत घालायला लागले. पण अप्पा चुळबुळ करत होते. मंजूर झालेला नाच करायचा नसेल, तर न करण्याची वेगळी दरख्वास्त द्यावी लागते म्हणे, आणि तिलाही मसविदा लागतो.

"न नाचण्याचा मसविदा?" मी ओरडले.

"अवो, पर अस्सल तर शाबूत हाय की," अक्का म्हणाल्या. त्या दारात पीठ मळत बसल्या होत्या. "नक्कल मोडली. कागद कुठं मोडलाय? त्योच वाचा."

मला त्यांचा राग आला. नाचाऐवजी कागद, असं म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण मग आठवलं, दिवसभर त्यांनी माझ्या पायाखालची उशी चार वेळा बदलली होती, आणि पंचवीस बाया परगावाहून निघूनही आल्या असतील.

दुसऱ्या दिवशी, बहमनच्या पंधराव्या तारखेला दुपारी, अप्पांच्या आडतीच्या अंगणात मला खुर्चीवर बसवलं. पाय पोत्यावर. पहिल्या रांगेत बाया, खाली सतरंजीवर, रिकामे हात मांडीवर घेऊन अवघडून बसलेल्या. मागं पुरुष. बाजूला खुर्चीवर पेशकार, मांडीवर मंजूर कागद, हातात पेन्सिल. मी वाचेन ते कागदाबरहुकूम आहे की नाही, हे पाहायला सरकारनं त्यांना पाठवलं होतं.

मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळी मी फार घाईनं वाचल्या. बाभूळ आली, मान आली, पहिला घोट. बंडोपंतांना राहवलं नाही, त्यांनी गवसणी काढली आणि अगदी हळू ठेका धरला. मी त्या लयीत वाचू लागले. दुसरा घोट. तिसऱ्याला एका म्हातारीनं स्वतःच आवंढा गिळला. चौथ्याला हरिणीला ऐकू आलं, आणि अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. पेशकारांची पेन्सिल खुणा करत होती.

मग उडीची ओळ आली. ती मी पाहिली आणि मला ती वाचता येईना. त्या ओळीतलं सगळं आता दुसऱ्या कुणाचं तरी झालं होतं. मी ती गाळली आणि थेट पुढचं वाचलं, "पलीकडं स्थिर उभी राहते."

"थांबा, बाई." पेशकार उभे राहिले होते. "एक ओळ सुटली."

"राहू द्या."

"राहू देता येत न्हाय. मंजूर झालेली ओळ हाय ती."

"मला नाही वाचायची."

त्यांनी चष्मा काढला. सगळं अंगण आमच्याकडं बघत होतं. "हरिनी अलीकडंच हाय अजून," ते म्हणाले. "आनि शिकारी आलाय."

मी कागद पुन्हा वर धरला. "हरिणी चार पावलं मागं सरते. एकदा पाण्याकडं बघते. मग उडी घेते. आता तिचा एकही पाय जमिनीवर नाही. खाली पाणी आहे. ती अजून पलीकडं पोचलेली नाही."

पहिल्या रांगेतल्या बायांनी पाय आखडून घेतले आणि मधे जागा केली.